तिसरा गिअर पडत नाही

३ फेब्रु., मंगळ.
दादाचा ट्रक परत धक्के देतोय. दुसऱ्या गिअरवर अडून बसतो, मग तिसरा पडतो तो उडी मारून. ऑटोमॅटिक आहे, क्लचच नाही, गिअर आपोआप बदलायचे. शेठनी प्लायवूडच्या फेऱ्यांसाठी तो घेतला तेव्हा दादा पेढे घेऊन घरी आला होता. "डाव्या पायाला पेन्शन मिळाली गो!" आता जेवताना फक्त गिअरबॉक्स. भाजी खारट झाली होती, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
साकीनाक्याला कांबळे मिस्त्रींनी कॉम्प्युटर लावून बघितलं. एकही एरर नाही. ऑइल स्वच्छ. मग स्वतः पवईपर्यंत चालवून आले. "माझ्या हातात तर झकास चालते, दादा." ब्रेकची लायनिंग तेवढी लवकर झिजलीत म्हणे. लिंक रोडचं ट्रॅफिक, दुसरं काय.

दादा घरी आला, हातपाय धुतले. मग एकदम, "गाडीत दोष नाही म्हणजे माझ्यात. असंच ना? उद्या शेठ चावी मागेल."

मिसरूड फुटल्यापासून गाडी चालवतोय तो. दुसरं काही केलेलंच नाही. मी चहा टाकला.

६ फेब्रु., शुक्र.
मिस्त्रींचा फोन. शेजारी कोणीतरी बसा, धक्का बसेल तेव्हा स्क्रीनवर कितवा गिअर दिसतो ते बघा. दादाला रस्ता सोडून बघता येत नाही. मला म्हणाला, "तू चल. नाहीतरी लिहायचं सोडून खिडकीबाहेरच बघत असतेस."

जाणार.

८ फेब्रु., रवि.
रिकामा ट्रक. विक्रोळीहून पवईकडे. एवढ्या उंचावरून तलाव पहिल्यांदाच दिसला, कुंपणापलीकडचा. दादा खुशीत. मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडणाऱ्या एकाला, "काका, घरी सांगून निघालात ना?"

सिग्नल सुटला. स्क्रीनवर दोन. इंजिन ओरडतंय, आकडा हलेना. उन्हाने काच चमकत होती म्हणून वाकले, तर खाली नजर गेली.

उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. डावा ब्रेकवर. दाबलेला नाही, नुसता टेकवलेला, पण गाडीसाठी ब्रेक लागलेलाच.

"दादा, कडेला घे."

घेतली.

"डावा पाय कुठे आहे तुझा?"

"खाली आसा. आणि खय असतलो?"

"बघ."

बघितलं. पाय अजून तिथेच होता. दोन्ही हातांनी गुडघा धरून त्याने तो उचलला आणि सीटखाली मागे ओढून ठेवला. मग गाडी काढली. तिसरा पडला, चौथा पडला. इतक्या अलगद की आकडा बदलला म्हणूनच कळलं.

घरी पोचलो. जिन्यात म्हणाला, "सवय गो. आयुष्यभर क्लचवर ठेवला, जागा शोधतो तो. मोडीन सवय."

९ फेब्रु., सोम.
सवयच असेल. असू दे.

पण पाय ब्रेकवर आहे हे त्याला माहीतच नव्हतं. सांगूनही खरं वाटत नव्हतं.

त्याची शुगर जुनी आहे. गोळ्या घेतो (म्हणतो). गेल्या आठवड्यात डावी चप्पल जिन्यातच राहिली आणि हा एका चपलेने घरात आला. केवढे हसलो होतो आम्ही. मीच जास्त.

सकाळी तो पेपर वाचत होता. मी केर काढता काढता त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर झाडूची मूठ टेकवली. जरा दाबली. त्याने पान उलटलं.

गाडी घेऊन गेला. संध्याकाळी येईपर्यंत एक ओळ लिहून झाली नाही.

१० फेब्रु., मंगळ.
सगळं सांगितलं त्याला. झाडूचंही. चिडेल वाटलं होतं. म्हणाला, "डॉक्टर पहिल्यांदा काय सांगेल, माहितीये? गाडी बंद."

"हो."

"आणि मग मी काय करू, तुझ्या गोष्टी वाचू?"

हसू आलं दोघांनाही. नको तेव्हा.

तेवढ्यात मिस्त्रींचा फोन. दादाने नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "उघड म्हणावं गिअरबॉक्स. असेल काहीतरी आत."

"बोला ताई," मिस्त्री म्हणाले. "उघडू का?"

दादा माझ्याकडे बघत नव्हता. डाव्या पायाची बोटं हलवून बघत होता, एकेक.

"नको," मी म्हटलं. "गाडी ठीक आहे."

"मग शेठना सांगू ना, आज दादा फेरीवर जातायत म्हणून?"

दादाने ऐकलं. फोन परत मागितला नाही.

"थांबा हं," मी म्हटलं. "दादालाच विचारून सांगते."