आपल्या घरातली उष्णता

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. (नमस्कार उभ्यानेच. वाकलं की पोटात कळ येते.)

उत्तर लांबलं त्याला कारण पोटच. शेवटी डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, आयबीएस. म्हणजे आतड्याला झालेलं काहीच नाही, ते फक्त चिडकं झालंय, ताण कमी करा. चिडकं म्हटल्यावर आमचे हे लगेच म्हणाले की मग ते माहेरचंच असणार.

ताण म्हणजे शाळेतला गायनवर्ग, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही ठरवलं. राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय, महिनाअखेर देते. पण वर्ग सोडायचा म्हटलं की पोटात खड्डा पडतो, आणि तो आजाराचा की दुःखाचा हेच मला उमगेनासं झालंय. त्यात चित्रकलेच्या बाईंच्या बहिणीला आयबीडी होतं, तिचं आतडं कापावं लागलं. एका अक्षराचा फरक! मी परत जाऊन विचारून आले, तुम्ही एस म्हणालात की डी? एस म्हणाले. घरी पोचेपर्यंत पुन्हा गोंधळले.

बाकी नेहमीचंच. उष्णता पडतेय, पाणी भरपूर पिते. हल्ली झोपेतूनही उठून धावावं लागतं. कपडे सैल झालेत, म्हणून शाळेत सगळ्या माझा हेवा करतात.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, सध्या तुझ्याच पोटात ठेव. माझ्या पोटात काही टिकत नाही.

तुझी
टिंगू

९ मार्च

चि. टिंगूस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा मी एक पंप खोलून बसलो होतो, हात ग्रीसने माखलेले. म्हणून तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचायला सांगितलं. माहेरच्या चिडकेपणावर ती गरजेपेक्षा जास्त हसली, ते मी ऐकून ठेवलंय.

मग ती उष्णतेपाशी अडली. विचारलं, उष्णता पडतेय म्हणजे काय, ताप? मी म्हटलं, अगं, रक्त. ती म्हणाली, मग रक्त असं का लिहीत नाही? आणि टिंगे, माझ्या हातातला पाना खाली पडला. इतकी वर्षं या घरात काढलेल्या बाईला आपला शब्द कळला नाही, तर डॉक्टरांना कुठून कळणार?

आठव. रक्त म्हटलं की आई घाबरायची, म्हणून तो शब्दच घरात नव्हता. नाकातून आलं तर उष्णता. बाबांच्या मूळव्याधीचं आलं तर जुनी उष्णता. डॉक्टरांनी तुला नक्की काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, ते शब्दाला शब्द कळव.

मला यातलं काही कळत नाही. मला पंप कळतात. पाण्यात हवा शिरली की पंप थडथडतो, खोलावा तर सगळं जागच्या जागी. तो मी नुसत्या आवाजावर ओळखतो. पण खाली ओल दिसली की कानावर भरवसा ठेवत नाही. सील गेलं असेल, नसेलही, पण खोलतोच. तुझी ओल डॉक्टरांनी पाहिलेलीच नाही, असं मला वाटतंय. राजीनामा टेबलाच्या खणात राहू दे.

लोभ आहेच, पण यावेळी त्यात थोडा दम आहे असं समज.

दादा

१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा राग आला होता. मग आठवायला बसले. डॉक्टरांनी नीट विचारलं होतं रे, शौचावाटे रक्त जातं का? मी नाही म्हटलं. खोटं नाही बोलले, दादा! रक्त म्हणजे काहीतरी भयंकर, आणि माझं तर नुसतं लाल, उष्णतेचं. पुढे मी थोडी उष्णता आहे असंही सांगितलं. ते म्हणाले, पाणी प्या. दोघंही बरोबर, आणि उत्तर चूक!

काल पुन्हा गेले. शब्द जिभेवर येईना, म्हणून गळा साफ केला आणि वर्गात वरचा सूर लावते तसा लावला. बाहेर रांगेत बसलेल्यांनाही कळलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किती दिवस, झोपेतून उठावं लागतं का, वजन उतरलं का, सगळं पहिल्यापासून विचारलं. म्हणाले, यातलं काहीही आयबीएसच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. मूळव्याध असेल, जंतुसंसर्ग असेल, आतड्याची सूज असेल, किंवा आणखी काही. रक्ताची आणि शौचाची तपासणी झाली, आता दुर्बिणीने आतून बघणार.

आणखी काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. तूही पत्रात लिहू नकोस. आधी निदान एक नाव होतं, आता तेही नाही. राजीनामा खणात आहे, पण खण उघडाच आहे.

माया कमी करू नकोस. घाबरले आहे.

टिंगू

२० मार्च

चि. टिंगूस,
अ. उ. आशीर्वाद, हे पत्र पोचेपर्यंत दररोज नवे.

त्या ‘आणखी काही’बद्दल लिहीत नाही. माझंच ऐकवतो. माझंही पोट वर्षानुवर्षं गुरगुरतं, हे दुकानातल्या सगळ्यांना पाठ आहे. तुझ्या निमित्ताने वहिनीने मलाही डॉक्टरांपुढे बसवलं. तपासण्या झाल्या, ओल कुठेच नाही. चिडकं आतडं निघालं ते माझं! जावईबापूंना सांग, माहेरचा अंदाज बरोबर होता, माणूस चुकला. मी हसलो, पण माझं बरं निघाल्याचा आनंद करावा की तुझं कळेपर्यंत थांबावं, हे ठरेना. पंपांवरही लक्ष लागत नाही.

निकाल लागेल तो लगेच कळव. जसा असेल तसा, आपल्या घरच्या शब्दांत नको.

तुझाच
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. आज वाकून.

डी आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आहे आणि व्रण आहेत. कॅन्सर नाही. तो शब्दही लिहून टाकला बघ. गोळ्या सुरू झाल्यात, त्या बराच काळ चालतील, तपासणीलाही जात राहावं लागेल. कापाकापीचं सध्या नाव नाही. मी विचारलं, मग आता आयबीएस गेलं ना? तर म्हणाले, सूज उतरल्यावरही पोट कधीकधी तसंच कुरकुरू शकतं, काहींना दोन्ही असतं. म्हणजे गोंधळ संपला असं समजू नकोस.

पण एक नक्की झालं. गायनवर्गामुळे हे झालेलं नाही. ताणाने त्रास वाढू शकतो, पण हे व्रण ताणाने आलेले नाहीत. राजीनामा फाडला आणि आज वर्गावर गेले.

पहिल्याच गाण्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या नाकातून आलं. ती रडायला लागली. माझ्या तोंडात उष्णता आलीच होती. गिळली. म्हटलं, रक्त आलंय बाळ, पुढे वाक, नीट बघू दे मला. आणि दादा, ती लगेच शांत झाली. आईला वाटायची तेवढी भीती त्या शब्दात नव्हतीच.

वहिनींना सांग, त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला म्हणून हे कळलं. माया पाठव, आता टिकेल.

तुझी
टिंगू