लाल टेपची केबल

प्रिय निखिल,

फोनवर तू ‘बाबा कसे आहेत’ विचारतोस, मी ‘ठीक’ म्हणते, आणि आपण दोघंही सुटतो. म्हणून आज सरळ कागदच घेतला.

आधी तुझ्या होम थिएटरची बातमी. रिमोटांचा गोंधळ नको म्हणून तू बाबांसाठी भिंतीवर एकच बटण बसवलंस ना, दाबलं की ॲम्प्लिफायर, प्रोजेक्टर सगळं आपोआप सुरू होणारं? दिवाळीनंतर त्या बटणाने आवाज तेवढा यायचा, प्रोजेक्टर ढिम्म हलायचा नाही. रिमोटने मात्र मुकाट सुरू व्हायचा. बाबांचं एकच पालुपद, “मंजू, तू कशाला परेशान होतेस? ज्याने लावलंय त्याला बुलाव ना!” मी फोन हातात घेतला की लगेच, “रहने दे, बिझी असेल तो.” तू इथलं दुकान बंद करून बंगळूरला निघालास तेव्हा ‘गेलास तर परत येऊ नकोस’ म्हणाले, आणि तूही असा गुणाचा की आयुष्यात त्यांचं तेवढंच ऐकलंस.

शेवटी मीच पदर खोचला. प्रोजेक्टरच्या मेनूत शिरून बॉड रेट, तो निरोपांचा वेग, पाहिला, बटणामागच्या कंट्रोलरशी जुळत होता. स्टँडबायमध्ये निरोप घेणारा सिरियल पोर्ट बंद पडतो म्हणतात, ती सेटिंगही बरोबर होती. मग रॅक ओढून मागे डोकावले. तू सांगितलेलं आठवत होतं, की इथे क्रॉस केबलच लागते, एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडलेली. साधी केबल दिसायला तशीच, पण लावली तर निरोप पोचतच नाही. चूक होऊ नये म्हणून तू क्रॉस केबलला लाल टेप गुंडाळली होतीस. मागे लावलेल्या केबलला टेपच नव्हती.

लाल टेपवाली सापडली बाबांच्या औषधांच्या खणात, नीट वेटोळं करून, रबरबँड लावून. अख्खी नोकरी तार ऑफिसात काढलेला माणूस, लाइन कुठे बिघडवली की कुणाला पत्ता लागत नाही हे त्यांना कोण शिकवणार! मला आधी हसूच आलं. मग त्या रॅकपर्यंत वाकताना त्यांना किती धाप लागली असेल ते डोळ्यांपुढे आलं, आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले.

त्यांचं हृदय थकलंय, निखिल. ऑपरेशन झेपणार नाही, आता घरीच सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. सेव घातलेले पोहेसुद्धा दोन घास खाऊन बशी सरकवतात. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती मला, ती आज मोडते आहे. काल मी त्यांच्यासमोर केबल बदलली, बटण दाबलं, पडदा उजळला, त्यांची आवडती जुनी कसोटी मॅच सुरू झाली. वाटलं, खूश होतील. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, “झालं ठीक? मग आता तो कशाला येईल?”

इथे सगळं चालू आहे, निखिल. तरी ये.

तुझी वाट बघणारी,
मंजूताई