व्हायरल लोडची पूर्वतयारी

३ मार्च
रिपोर्ट आला. रक्तात एचआयव्ही सापडत नाही. सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, सहाशे नव्वद! गोळ्या मिळतात त्या सेंटरमध्ये एवढ्या कुणाच्याच नसणार. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा असाच रिपोर्ट आला की मुलाचा विचार करा. घरी येऊन बायकोला सांगितलं, परवानगी मिळाली. सहा महिन्यांचं शेपूट कशाला जोडायचं? तिला लागण नाही, आता होणारही नाही. ती रडली. बायकांना रडायला काहीही पुरतं.

१९ एप्रिल
सापडतच नाही तर रोज गोळी कुणासाठी? आजपासून बंद. समुपदेशक बाईंना सांगायचं नाही. पोपटासारखं तेच तेच बोलतात. डोकं चालवणं त्यांच्या नोकरीत बसत नसावं.

२ मे
नर्स दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजते. निघण्याआधी तेरा गोळ्या फ्लश केल्या. तिने मोजल्या, वहीत लिहिल्या, शाबास म्हणाली. किती सोपं!

११ जुलै, दुपारी
बायकोने विचारलं, गोळी घेतली का? संशयी स्वभाव. तिच्यासमोर व्हिटॅमिनची गिळली. तीही पांढरीच असते.

२९ ऑगस्ट
तीन तारखेला रक्त द्यायचंय. आजपासून गोळी सुरू. शिवाय बीट, डाळिंब. शाळेत वर्षभर पुस्तक न उघडता शेवटच्या पाच दिवसांत पास व्हायचो. रक्तही माझंच आहे.

३ सप्टेंबर
लॅबवाल्याला नस सापडेना. शेवटी मीच दाखवली. असल्या लोकांच्या हातात आपले रिपोर्ट!

१२ सप्टेंबर
व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणू, अठ्ठ्याऐंशी हजार. सीडी-फोर चारशे दहा. नमुने अदलाबदल झाले, दुसरं काय! डॉक्टरांना तसं बजावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, गोळ्या कधी सोडल्या? मी बीटाचं सांगितलं. मग विचारलं, मिसेसची तपासणी शेवटची कधी झाली? मी रिपोर्टवरचं नाव पुन्हा वाचलं.

१३ सप्टेंबर, सकाळी
बायकोला सांगावं लागलं. तिने एकच विचारलं, मार्चमध्ये डॉक्टर नक्की काय म्हणाले होते? शब्द न् शब्द सांगितला.
तिची पाळी चुकून नऊ दिवस झालेत. चांगला रिपोर्ट हातात आला की मला सांगणार होती.
सोमवारी तिचं रक्त तपासायचंय. मी सोबत यायचं नाही म्हणाली.