विषय पुढच्या सभेला

बाबा,

गेला आठवडाभर मी भाचीच्या कॉम्प्युटरसमोर बसून कॉलेजं शोधते आहे. स्वयंसेवी संस्था कशी चालवावी याचे आता रीतसर अभ्यासक्रम निघालेत. एका कॉलेजने देणगीदार, विश्वस्त, गावकरी सगळ्यांना मिळून ‘स्टेकहोल्डर’ म्हटलंय. देवळीच्या कापडवाल्या शेठजींना तुमच्या संस्थेच्या सभेत कुणी असं म्हटलं असतं तर शिवी समजून ते चहा तसाच ठेवून उठले असते. मला हसू आलं. मग खाली विषयांमध्ये एक ओळ दिसली: निर्णय कोण घेतो आणि जबाबदारी कोणावर. हसू तिथेच विरलं. बी.ए. झाल्यावर, सत्तरच्या दशकात, हेच शिकायला जाऊ द्या म्हणून मी तुमच्यापुढे उभी होते.

खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी तुम्ही वसतिगृह काढलंत, आणि तुमच्या मुलीला मात्र मामाने नागपूरच्या कॉन्व्हेंटात घातलं. तिथे मी साहेबीण झाले असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात. मी तिथे काय पाहिलं, हे कधी विचारलं नाहीत. त्या सिस्टरही सेवाच करत. पण आजारी मुली एकीच्या ताब्यात, किल्ल्या दुसरीच्या, स्वयंपाकघर तिसरीच्या. काही बिघडलं की मदर त्या एकीलाच बोलावून झाडत. आपल्याकडे सगळं सगळ्यांचं होतं. म्हणून मी नागपूर-मुंबईच्या कॉलेजांकडून समाजकार्याची माहितीपत्रकं मागवली. एकात संस्थेच्या कारभाराचा वेगळा विषय होता. तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलंत. “सेवेचं बी कालेज निंगालं का वं आता?” म्हणालात, आणि विषय सभेपुढे ठेवलात.

तुमच्या सभेची रीत मला अजून पाठ आहे. प्रार्थना, मग ओसरीवर गोल बसणं, मग एकेकाने ‘मान्य’ म्हणायचं. मतदान तुम्हाला असभ्य वाटायचं आणि ‘नाही’ म्हणणं जवळजवळ हिंसा. कुणाला पटलं नाही तर त्याने नुसतं गप्प बसायचं. विषय पुढच्या सभेला जायचा. कारण विचारायचं नाही, कारण मग त्याला बोलावं लागेल. त्या दिवशी मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी आहे. शेठजी, ज्यांचं नाव घेऊन मी मनात आधीच भांडण रचून ठेवलं होतं, तेच पहिले बोलले. “जाऊ द्या ना भाऊ पोरीले. शिकून येईन, आपल्याच कामी पडीन. मान्य.” मग गावच्या शाळेतले गुरुजी, मग बाकीचे. मान्य, मान्य. शेवटी तुम्ही. तुम्ही टकळी फिरवत होतात. धागा तुटला, तुम्ही तो जोडलात, पुन्हा टकळी फिरवलीत, आणि शेठजींनी घसा साफ करून पुढचा विषय काढला.

मी स्वयंपाकघरात तुम्हाला गाठलं. “सरळ नाही म्हणा ना बाबा!” तुम्ही हात धूत म्हणालात, “मी कुठं नाई म्हनलं?” चुलीपाशी बसलेल्या स्वयंपाकाच्या मावशीने वर पाहिलं. “भाऊनं नाई म्हनलंच नाई, तं तू भांडून राह्यली कोनाशी वं?” तिला ते खरंच कळत नव्हतं. मला कळत होतं, म्हणून जास्त चिडले. नकाराशी भांडता येतं. तुमच्या टकळीशी काय भांडणार? माझा विषय पुढच्या कुठल्याच सभेत निघाला नाही. मी हिंगणघाटला शाळेत इंग्रजी शिकवायला लागले.

ऐंशीच्या दशकात विहिरीच्या जाळीचा विषय निघाला. वसतिगृहाच्या अंगणातल्या विहिरीचा कठडा ढासळला होता, मी सुट्टीत आले की ओरडायचे. सगळे मान्य म्हणाले, गुरुजी गप्प राहिले. जाळी लावली तर पोरी बादली कशा सोडतील, एवढीच त्यांची शंका होती. ती त्यांनी मला नंतर सांगितली, मुलगी गेल्यावर. तोवर तो विषयही पुढच्या सभेची वाट बघत होता. समुद्रपूरकडची मुलगी, सहावीत. पहाटे पाणी काढताना विहिरीत पडून गेली. तिचा बाप एसटीने आला. तो रडला नाही, ओरडला नाही. तुम्हाला एवढंच विचारलं, “भाऊ, विहीर कोनाच्या जिम्म्यात होती?” आणि बाबा, तुम्ही गप्प बसलात. तो उभा राहिला, कारण आपली रीत त्याला ठाऊक नव्हती. तो उत्तराची वाट बघत होता. बराच वेळ उभा होता.

मी शिकले असते तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक नाव तरी मिळालं असतं. माझंसुद्धा चाललं असतं. लोक तुमच्या तसबिरीला हार घालतात, तुमच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात, आणि मी मागच्या रांगेत दात आवळून बसते. कठडा त्या मुलीनंतर बांधला. तेव्हा सभा भरवली नव्हती.

काल भाचीने विचारलं, “आत्या, कोणासाठी पाहून राह्यली एवढं?” तिला स्वतःला यातलं काही नको आहे, ती बँकेत सुखी आहे. मी म्हटलं, ओळखीची एक मुलगी आहे. वयाची अट कुठे आहे का, तेवढंच मी पुन्हा पुन्हा वाचत होते. घरबसल्या शिकवतात त्या कॉलेजात ती नाही. आता मान्य म्हणायला एकटी मी उरले आहे. रोज संध्याकाळी ते पान उघडते, त्याच्यासमोर गप्प बसते आणि विषय उद्यावर नेते. हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते: कॉन्व्हेंटने माझं काही बिघडवलं नाही. मी तुमचीच आहे.