पाहुणे मामालाच विचारतात

१० फेब्रु., मंगळ.
संभाजीनगरहून दुपारच्या एस.टी.ने अंबडला परत. ऑपरेशनला वर्ष झालं, आतडं साफ आहे. मी उठायच्या बेतात होतो तर डॉ. म्हणाले, बसा. मागच्या खेपेला रक्त घेतलं होतं त्याचा निकाल आलाय. माझा कॅन्सर घराण्यातून आलेला. वडिलांकडून.

"बहिणीला सांगा. तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. तिच्यात निघालं तर मग तिच्या मुलीचंही बघावं लागेल. दुर्बिणीने तपासून गाठ लहान असताना सापडली तर तिथल्या तिथे काढता येते. उशीर करू नका."

अण्णा पोटानं गेले, मागून काका. आईनं तेव्हाच निदान केलं होतं, तिखट. त्या दिवसापासून शोभीनं मिरची सोडली. सासरीसुद्धा तिची भाजी वेगळी निघते. मी ठेचा सोडला नाही आणि मलाच झालं, म्हणजे आईचं निदान पक्कं. गेल्या वर्षी दवाखान्यात शोभी माझ्या उशाशी बसून म्हणाली, "किती सांगितलं तुला, दादा. मला बघ, काही हाय का?"

मला आणि कुंदाला मूल नाही. बसमध्ये पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. कुं. शेजारीच बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. लाज वाटली.

१३ फेब्रु., शुक्र.
शोभीला फोन केला. सांगायलाच केला होता. तिनं बोलू दिलं तर ना. तिच्या अश्विनीला परतूरकडचं स्थळ आलंय. मुलगा जालन्यात बँकेत, नाव विकास. दोघं फोनवर बोलतात, पोरगी खूश. पाहुणे पुढच्या रविवारी येणार. "दादा, तू सकाळीच ये. मामाशिवाय बैठक कशी व्हायची."
येतो म्हणालो. बाकीचं राहिलं.
समोरासमोर सांगू. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. (असं आपलं मनाला.)

२२ फेब्रु., रवि.
घनसावंगीच्या पुढे रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, पोचायला उशीर. शोभीच्या अंगणात सतरंज्या टाकलेल्या. पोरगी छान दिसत होती. माणसं चांगली वाटली. देण्याघेण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही.

आमच्याकडं सोयरिकीत बापाला फार विचारत नाहीत, बाप आपल्या लेकीचं चांगलंच सांगणार. मामाला बाजूला घेतात. मलाही घेतलं. गोठ्यापाशी उभं राहून मुलाचे वडील म्हणाले, "मामा, तुमच्याकडं पाहून सोयरीक करून राह्यलो. सगळं पसंत हाय. घराण्यात काही दुखणंबिखणं?"
"न्हाई."
"तुमचं आपरेशन झाल्तं म्हणत्यात."
"आतड्याला पीळ पडल्ता. आता बराबर हाय."
त्यांनी माझा हात हातात घेतला. "बस. मामाचा शब्द झाला."

सुपारी फुटली. मला पेढा पहिला. लग्न एप्रिलच्या अखेरीला.
"न्हाई" इतक्या सहज आलं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. 

२३ फेब्रु., सोम.
सकाळी कुं.नं चहा ठेवला आणि म्हणाली, "उगवणीची खात्री नसली तर तुम्ही गिऱ्हाइकाला बियाण्याची पिशवी देत नाहीत. उधारीवाल्यालासुद्धा देत नाहीत."
म्हटलं, पोरीचं लग्न मोडलं असतं.
"आणि शोभाताईंचं?"
दुकानात आलो. सध्या मंदी आहे. मोकळा बसलो की डोकं खातं. त्याच पिशव्या दोनदा रचल्या.

५ मार्च, गुरु.
दाजींना, म्हणजे शोभीच्या नवऱ्याला, घनसावंगीच्या स्टँडवर गाठलं. चहा घेता घेता सगळं सांगितलं. कपातला चहा तसाच राहिला बिचाऱ्यांचा. मग इकडंतिकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात, "सुधाकरराव, लगीन होऊ द्या. मंग नेऊ तिला. दीड-दोन म्हैन्यात काय आभाळ कोसळतंय का?"
मी म्हटलं, डॉ. उशीर करू नका म्हणालेत.
"एकदा ही दवाखान्यात गेली की गावभर होतंय. मंग पोरीला कोण करून घेतंय? एकाच पोरीचं न्हाई, सगळ्या भावकीतल्या पोरींचं अडतंय."
मी हो म्हणालो.
खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आता हे त्यांनी ठरवलं, मी नाही. परतीच्या जीपमध्ये चक्क झोप लागली मला. असला मी भाऊ.

११ मार्च, बुध.
शोभी लग्नाची लुगडी घ्यायला अंबडला. जेवायला घरी. वाळली आहे. कुं.नं विचारलं तर म्हणाली, धावपळ. जेवण झाल्यावर मोरीतून लवकर येईना. कुं. गेली, मागून आली, मला आत बोलावलं. "रक्त जातंय त्यांना. संक्रांतीपासून. मूळव्याध आहे म्हणतात, कुणाच्या तरी पुड्या घेतात. हळदीकुंकवाला चुकून तिखट वांगं खाल्लं, म्हणून झालं म्हणे."
एक वांगं.
बाहेर शोभी पदर लावून लावून दाखवत होती, हा रंग की तो. मी म्हटलं, हिरवा.

१२ मार्च, गुरु.
जेवलो नाही. कुं.नंही आग्रह केला नाही. एरवी पोळी नको म्हटलं तरी वाढते.

१६ मार्च, सोम.
शोभी ब्लाउज शिवायला टाकून दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या गोडाऊनमध्ये पोत्यावर बसवली आणि सांगितलं. तिखटाचा संबंध नाही, अण्णांच्या रक्तातून आहे, तुझ्यातही असू शकतं, रक्त जातंय ते मूळव्याध समजू नको, लवकर तपासू, लवकर तपासलं तर बरं होतं. एका दमात. वाटलं रडेल.
"तुला कधी कळलं?"
"गेल्या म्हैन्यात."
"बैठकीच्या आधी?"
"हं."
ती पोत्याची सुतळी ओढत राहिली. मग म्हणाली, "तरी तू न्हाई म्हणालास. बरं केलंस, दादा."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

उद्याच जाऊ म्हणालो. तर म्हणे, "लगीन झाल्यावर. आत्ता तपासलं आन् काही निघालं, तर मला पाव्हण्यांपुढं खोटं बोलावं लागंल. आत्ता मला म्हाईतच न्हाई. जे म्हाईत न्हाई ते लपवल्याचं पाप लागत न्हाई."
"मी सांगितलं की तुला आता."
"तू असू शकतं म्हणालास. हाय म्हणाला न्हाईस." आणि माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला. "अशूला कळू द्यायचं न्हाई. शपथ हाय."
हात काढून घेता आला नाही. केस पिकलेत तिचे, मला माहीत नव्हतं.

१९ मार्च, गुरु. पाडवा.
गुढी उभारली. कुं.नं कडुलिंबाची चटणी हातावर ठेवली. कडू लागली नाही.
दाजींचा फोन, पत्रिका छापायला टाकल्या. मामा म्हणून माझं नाव मोठ्या अक्षरात.

२१ मार्च, शनि.
अश्विनी दुकानात आली, एकटी. ती घनसावंगीला औषधाच्या दुकानात असते, फार्मसी झालेली. मी खुर्ची पुसून दिली, थंड मागवू का म्हटलं. नको म्हणाली.
"मामा, तुमचं आपरेशन कशाचं झाल्तं?"
"पीळ..."
"पिळासाठी इतक्या वेळा तपासणीला बोलवत न्हाईत. आईला रक्त जातंय, लपवून राह्यली. बाबांना विचारलं तर म्हणतात, मामाला विचार. आता तुम्हीच सांगा."

शपथ होती. शोभीच्या डोक्यावर हात ठेवून दिलेली. मी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि शपथ मोडली. तिच्याही वाट्याला येऊ शकतं हेही सांगितलं.
तिनं पहिलं विचारलं ते लग्नाचं नाही. "आईला कधी न्यायचं?" मंगळवार, एकतीस तारीख मिळेल म्हणालो.
मग म्हणाली, "विकासला मी सांगते."
मी घाबरलो. थांब म्हटलं, आईची तपासणी होऊ दे, कदाचित काही निघणारही नाही, उगाच कशाला.
"मामा, तुम्ही न्हाई म्हणालात ते माझ्यासाठीच ना? मंग हो म्हणायचं बी माझ्यावर सोडा."
गेली. मी शटर अर्धं ओढून बसलो. मला पोरगी असती तर एवढीच असती. जे मी सोयरिकीत बोलायला हवं होतं ते आता ती एकटी बोलणार.

२४ मार्च, मंगळ.
शोभीचा फोन. सगळं कळलंय तिला. विकासला अश्विनीनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, घरी बोलून सांगतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन नाही.
शोभी ओरडली नाही. "अजून एक म्हैना धरवलं न्हाई तुला?" एवढंच. ठेवून दिला.
मग कुं.कडं पाहिलं. ती म्हणाली, "उशिरा केलंत, पण बरोबर केलंत." मला त्यातलं उशिरा तेवढंच ऐकू आलं.

२८ मार्च, शनि.
परतूरकडून काही नाही. पत्रिकांचे गठ्ठे छापून आले, दाजींनी तसेच बांधून ठेवलेत.
शोभी तपासणीला तयार. अश्विनीनं दोन दिवस अन्न सोडलं तेव्हा झाली.

३१ मार्च, मंगळ. दवाखान्यात.
बाकावर बसून लिहितोय. शोभीला आत नेलं. पोट साफ करायच्या औषधानं रात्रभर हैराण झाली, तोंड एवढंसं झालंय. सकाळपासून माझ्याशी शब्द नाही. आत जाताना बांगड्या काढून अश्विनीकडे दिल्या, चप्पल माझ्याजवळ ठेवली. म्हटलं, शोभे, मी इथंच आहे. तिनं वळून पाहिलं. "तू घराण्यात न्हाई म्हणालास तवा मला लई आधार वाटल्ता, दादा. ते आठवून राह्यलं."

तिच्यात निघालं तर मी महिना घालवला. नाही निघालं तर मी पोरीचं लग्न घालवलं. सकाळपासून हेच चाललंय डोक्यात, आणि त्यात माझीच कीव येते, याचाही राग येतो. शोभी आत आहे, मी नाही.

डॉ. अजून बाहेर आले नाहीत. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय का? मला किती लागला होता, कुं.ला विचारलं, तिलाही आठवत नाही.

आत्ता फोन वाजला. मुलाचे वडील. दाजींना नाही, मला. वाजू दिला. बंद झाला.
अश्विनी समोर उभी आहे, हातात आईच्या बांगड्या. कोणाचा होता विचारत नाही.
परत वाजतोय. बाकावर शेजारी बसलेले दाजी म्हणाले, घ्या, त्यांनी मामाला विचारल्तं.

घेतो.