यांगोनाविना एक महिना

३ मे १९९८
उद्या राजधानीहून, सुव्याहून डॉक्टर येणार. ख्रिसमस बेटावर इंग्रजांचे अणुबॉम्ब फुटले तेव्हा तिथे असलेल्या आम्हा फिजी नौसैनिकांना तपासायला! चाळीस वर्षांनी आठवण झाली. गावात आता त्यातले इसिमेली आणि मी, दोघंच उरलोय. इसिमेली म्हणतो, पाहुणा येतोय तर प्यायला यांगोना, आपली गुंगीची मुळी, कुटून ठेवायला हवी. हवीच. नाहीतर गावाचं नाक कापलं जाईल.

४ मे
डॉक्टर विलिसोनी पोरगेलाच आहे, पण मांडी घालून बसला आणि करवंटीमागून करवंटी रिचवली. बेटाचं विचारलं. बॉम्बकडे पाठ करून बसवलं होतं, डोळ्यांवर मुठी, तरी उजेड दिसला — सांगितलं. नंतर पाऊस आला, त्यात आम्ही नाचत न्हालो, हे इसिमेलीने सांगितलं. काही त्रास? दोघंही म्हणालो, छे! पाहुण्यापुढे रडगाणं कोण गाणार? रक्त उद्या सकाळी काढणार.

११ मे
दोघांचंही यकृत बिघडलंय. हातापायांवर खवले आहेत ते डॉक्टरने आधीच पाहिले होते. फोनवर फार गंभीर वाटला. माझी बायको सालोते चुलीपाशी बसून राहिली. आमचा पहिला मुलगा जन्मताच गेला, तेव्हा बसली होती तशी.

आमच्या मुलीच्या, मेरेआनीच्या मनात तीच भीती आहे. लग्नाला सहा वर्षं झाली. म्हणते, बाबा, तुमच्या रक्तातून मुलाबाळांत काय उतरतं तो मोठा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. त्यासाठी आमचं रक्त परदेशी पाठवलंय. मला आजोबा व्हायचंय. लिहायला लाज कसली?

१४ मे
भीती वाटते. बस्स.

१९ मे
डॉक्टर परत आला. या वेळी नीट विचारलं, यांगोना किती पिता? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "फार नाही," इसिमेली म्हणाला, "दिवस मावळला की बसतो आणि झोप आली की उठतो." डॉक्टरने कपाळावर हात मारला. रक्त काढलं त्याच्या आदल्या रात्रीची यांगोनाची मोठी परात तर त्याच्याचसाठी भरली होती — आणि तोही प्यायला होता! म्हणाला, यांगोना महिनाभर पूर्ण बंद. सालोते म्हणाली, माझं जन्मभर ऐकलं नाहीत, आता ऐका.

२ जून
शेजारच्या गावचे पाहुणे आले. करवंटी परत केली. जन्मात पहिल्यांदा! कान लाल झाले. इसिमेली परातीशी बसून नुसता वास घेत होता.

२० जून
खवले गेले! यकृतही सुधारतंय. डॉक्टर म्हणाला, "हा बॉम्ब तुम्ही स्वतःच कालवत होतात." पोट धरून हसलो. मग विचारलं, मोठा रिपोर्ट? वेळ लागेल म्हणाला. तो यांगोना सोडून सुटणारा प्रश्न नाही, एवढं मलाही कळतं.

२६ जुलै
मेरेआनी आणि जावई आले. डॉक्टरने जावयाच्या मानाची एक करवंटी मला माफ केलीय. मेरेआनीने मात्र आपली परत दिली. वाटलं, माझ्या सोबतीखातर सोडली असेल. म्हणालो, घे गं, पथ्य मला आहे.

सालोतेने कोपराने ढोसलं. "म्हातारे झालात, शहाणे कधी होणार? तिसरा महिना आहे तिला."

रिपोर्ट अजून आलेला नाही.