अकरा गुंठे गवत आणि बिनस्टिअरिंगची गाडी

वारजे, पुणे
५ ऑक्टोबर २००६

ती. कौशल्यावन्सं यांना,

मैनाचा वाकून नमस्कार (गुडघ्यांना जमलं तेवढी वाकले, उरलेलं मनातून समजून घ्यावं). नवी कवळी टोचते असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ती आता बसली का? नसेल तर डॉक्टर बदला, कवळी नको. नागपुरात उकाडा कमी झाला असेल असं धरून चालते. आम्ही दोघं ठीक. तुमच्या बंधूंचं ब्लडप्रेशर उत्तम आहे, माझं थोडं वर आहे आणि त्याचं कारण पुढे येतंच आहे.

दसरा होऊन तीन दिवस झाले, तरी निकालाचं पत्र कसं नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. निकाल घाईत लिहू नये, म्हणून थांबले. मे महिन्यात बिल्डरचं संमतीपत्र सहीसाठी तुमच्याकडे मीच पाठवलं होतं. मामंजींनी ही जागा तुम्हा बहीणभावाच्या नावे ठेवली, त्यामुळे दोन्ही सह्या झाल्याशिवाय बिल्डरला इथे फावडंसुद्धा मारता येत नाही. माझं म्हणणं सरळ होतं. सगळं वारजे उंच झालं, आपणच तेवढे जमिनीवर राहिलो. ही जागा देऊन टाकावी आणि त्याच बिल्डरच्या पलीकडच्या इमारतीत नवव्या मजल्यावर लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये उरलेले दिवस सुखात काढावेत. तुमचे बंधू म्हणाले, वडिलांचं लॉन मोडू देणार नाही. मग तुम्ही नागपुरातून न्यायमूर्तींसारखं लिहिलंत, की गोपाळला दसऱ्यापर्यंत मुदत द्या, गवत कापायची कायमची सोय झाली तर जागा राहील, नाही तर मी सही करते. हे मला पूर्ण मान्य होतं, कारण सोय होणार नाही याची मला खात्री होती.

सोय व्हायची कशी? हिंदुराव फेब्रुवारीतच हिंजवडीच्या एका कंपनीत लागला. तिथेही तो गवतच बघतो, पण तिथे त्याला सुपरवायझर म्हणतात आणि गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं. मी अडवलं नाही. बावीस वर्षं तो आपल्या लॉनवर ते ढकलायचं यंत्र दोन-दोन दिवस ढकलत होता आणि गळ्यात घालण्यासारखं काही मी त्याला दिलं नव्हतं. त्याच्यानंतर जे माळी मिळाले ते फक्त मोबाईलवर मिळाले, प्रत्यक्षात एकही नाही. ऑगस्टमध्ये गवत यांच्या गुडघ्याला लागलं. सप्टेंबर उजाडताच त्यात एक धामण दिसली. (एरवी मी किंचाळले असते. पण ती माझ्या बाजूची साक्षीदार होती, म्हणून मी तिला मुळीच हाकललं नाही.)

अशा वेळी आपल्या अभिनवने अमेरिकेतून फोनवर वडिलांचे कान भरले. तिकडे तो दर शनिवारी गवत कापण्याच्या गाडीवर बसतो म्हणे. इथे असताना ताटही न उचलणारा मुलगा तिकडे गवत कापतो, हे ऐकून मला काय वाटलं ते असो. त्या गाडीला झीरो टर्न म्हणतात. खुर्चीसारखी सीट, पोटाखाली पाती आणि वळायचं झालं तर जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. तुमच्या बंधूंनी त्या कंपनीची वेबसाइट उघडली. तिथे एक फॉर्म होता, म्हणजे तुम्ही माहिती भरायची आणि तुम्हाला कुठलं यंत्र योग्य ते कंपनी कळवणार. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला फॉर्म दिसला की तरुणपण परत येतं. तीन संध्याकाळ हे कॉम्प्युटरसमोरून उठले नाहीत. गवताची जात, जमिनीचा उतार, झाडं किती, चालवणाऱ्याचं वजन (इथे सहा किलो कमी लिहिले), सगळं भरलं. लॉनचं क्षेत्रफळ किती, या प्रश्नापुढे ११ लिहिलं. मग मला म्हणाले, इंग्रजी तेवढं बघून दे.

मी बघून दिलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी फूटपट्टीने आमच्या बोटांवर जे इंग्रजी कोरलं, ते अजून शाबूत आहे. दोन ठिकाणी 'द' घातला, एक स्वल्पविराम काढला, 'काइंडली डू द नीडफुल' हे तर मुळापासून उपटलं. आकडा मी पाहिला नाही. आकडे बघणं गणिताच्या बाईंचं काम, अशीच आमच्या शाळेत वाटणी होती. त्या ११ च्या पुढे बारीक अक्षरात 'एकर' छापलेलं होतं. आपले गुंठे त्या लोकांना कुठून माहीत असणार? यांचं म्हणणं, मी आकडा बरोबर लिहिला होता, एकक त्यांचं चुकलं.

आठवड्याने कंपनीचा इथला माणूस घरी आला. अल्ताफ नाव, तिशीच्या आतबाहेरचा. आजोबांपासून मार्केट यार्डाजवळ त्यांचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. बरोबर दोन मदतनीस, जमीन मोजायचं चाक, डोक्याला उन्हाची टोपी आणि बहात्तर इंची पात्याच्या यंत्राचं जाडजूड माहितीपत्रक, असा लवाजमा होता. चहा घेऊन तो मागे गेला, लॉनला एक चक्कर मारली आणि दीड मिनिटात परत आला. फार अदबशीर मुलगा. त्याने विचारलं, "मॅडम, उरलेली जमीन पलीकडे आहे का?"

"पलीकडे एकशे चाळीस फ्लॅट आहेत," मी म्हटलं.

त्याने आपला कागद पाहिला, मग पुन्हा गवताकडे पाहिलं. "मग पावणेअकरा एकर कमी भरतायत."

यांनी माझ्याकडे पाहिलं. तपासणारी मी. (वन्सं, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण तपासण्यात माझी चूक निघाली असा हा पहिलाच प्रसंग. तुमचे बंधू तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.) घराच्या कडेची बोळ अल्ताफने स्वतःच मोजली, साडेचार फूट निघाली. सहा फुटी यंत्र मागे न्यायचं तर स्वयंपाकघर पाडावं लागलं असतं. मला वाटलं, संपला खटला. पण त्या मुलाने मोठं यंत्र खपवायचा प्रयत्नही केला नाही. आमच्याकडे बेचाळीस इंची छोटं आहे, म्हणाला, एका रिसॉर्टवाल्याने मागवून नको म्हटलेलं, तुम्ही दुकानात येऊन चालवून बघा, नाही जमलं तर घेऊ नका. विक्रेत्याने असं बोलावं, हे मला संशयास्पद वाटलं, म्हणून मीही गेले.

दुकानामागच्या पटांगणात दोन यंत्रं मांडून ठेवली होती. एकाला छोट्या ट्रॅक्टरसारखं स्टिअरिंग होतं आणि तुमचे बंधू सरळ त्याच्याकडेच निघाले. अल्ताफने समजावलं, की हे वळायला मोठा फेरा घेतं, त्यामुळे तुमच्या आंब्याभोवती आणि चिकूंभोवती गवताची झालर राहील, ती मग खाली बसून विळ्याने कापावी लागेल. विळा म्हटल्यावर यांना आपले गुडघे आठवले. मग दुसऱ्या यंत्रावर बसले. त्याला स्टिअरिंगच नाही, नुसते दोन दांडे, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या. दोन्ही सारखे पुढे ढकलले की सरळ जातं आणि एक पुढे, एक मागे केला की जागेवर गिरकी. तीस वर्षं फियाट चालवलेला माणूस. हात आपोआप हवेत गोल धरले जात होते आणि पाय क्लच शोधत होते. घाईत एकदाचे दांडे धरले, ते एक पुढे आणि एक मागे. यंत्र जागच्या जागी फिरायला लागलं. पहिल्या फेरीत यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, दुसरीत घाबरून, तिसरीत डोळे मिटले होते. यार्डातले हमाल पाठीवर कांद्याची पोती तशीच ठेवून बघत उभे राहिले. अल्ताफने धावत जाऊन इंजिन बंद केलं. हे उतरले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "चाकं चांगली आहेत."

मग मी बसले. का, ते विचारू नका. खोट काढायची तर बसून काढावी, असा माझा हेतू होता. पण वन्सं, दांड्यांवर हात ठेवले आणि मला माझं टेलिफोनचं ट्रंक एक्स्चेंज आठवलं. डाव्या हाताने सोलापूरची दोरी खोचायची, उजव्या हाताने नागपूरची काढायची, कानात तिसराच कोणी ओरडत असायचा आणि पाठीमागे सुपरवायझर. एकतीस वर्षं या दोन हातांनी एकमेकांना न विचारता कामं केली. मग कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ उघडले, बोर्डं भंगारात गेली आणि माझ्या हातांना भाजी निवडण्यापलीकडे काही उरलं नाही. ते हात तिथे अचानक कामावर रुजू झाले. मी सरळ गेले, तेलाच्या पिंपाला वळसा घातला, उभ्या टेम्पोच्या बंपरपासून चार बोटांवरून मागे वळले आणि निघाले तिथेच येऊन थांबले. एका हमालाने पोतं खाली ठेवलं, हे मी पाहिलं.

"मॅडम, आधी चालवलंय का कुठे?" अल्ताफने विचारलं.

मी म्हटलं, नाही, पण दोन्ही हातांनी वेगवेगळी माणसं सांभाळली आहेत.

तर यंत्र आलं. खंडेनवमीला त्याची रीतसर पूजा केली. हळदकुंकू, चाकांखाली लिंबं, दोन्ही दांड्यांना मिळून झेंडूची माळ. ही माळ काढल्याशिवाय मी सुरू करणार नाही, असं दोनदा सांगितलं होतं. तुमचे बंधू म्हणाले, शोभा राहू दे. मी चालवायला घेतलं तशी माळ आंब्याजवळ सुटली, पात्याखाली गेली आणि अर्ध्या लॉनवर पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडला. आजूबाजूच्या सगळ्या बाल्कन्यांतून टाळ्या झाल्या. मी कोणाकडे पाहिलं नाही. ते वाढलेलं गवत दोनदा वरून फिरवून काढावं लागलं, पण आता पुरतं लॉन पंचवीस मिनिटांत होतं. धामण मात्र निघून गेली, साक्ष अर्धवट टाकून.

आता गैरसोयी लिहिते, म्हणजे तुम्हाला निर्णय सोपा जाईल. एक तर आवाज फार. पेट्रोलचा वास साडीला लागतो, म्हणून पंजाबी ड्रेस शिवावा लागला, या वयात. पाचव्या मजल्यावरची एक सॉफ्टवेअरवाली बाई काल फाटकाशी येऊन विचारत होती, आँटी, तुम्ही वीकेंड बॅच घेता का. तुमचे बंधू आंब्याखाली उभं राहून ट्रॅफिक पोलिसासारखे हात करतात, ते वेगळंच. आणि दसऱ्याला हिंदुराव आला, मुद्दाम बघायला, ओळखपत्रासकट. चपला काढून लॉनवर चालला, खाली बसून तळहात फिरवला. "बाई, एवढी गुळगुळीत दाढी तर आमच्या जावयाची बी न्हाई," म्हणाला. दुसरा चहा पिऊन गेला, पण जाताना सीटवर एकदा बसून बघितलंच.

असं सगळं आहे. याला कायमची सोय म्हणायचं की नाही, हे मी लिहीत नाही. मी पडले फिर्यादी, न्यायाधीश तुम्ही. प्रकृतीला जपा, कवळी रात्री पाण्यात ठेवत जा आणि दिवाळीला यायचं कळवा.

तुमची,
मैना

ता.क. गवत आठवड्याला एकदा कापावं, असं अल्ताफ म्हणतो. मी रोज सकाळी कापते. खरं तर कापण्यासारखं काही शिल्लक नसतं, पण इंजिनला सवय राहिलेली बरी.

ता.क. २. मे महिन्यात पाठवलेलं ते संमतीपत्र अजून कोरं असेल तर कोरंच राहू द्या. सही केली असेल तर फाडून टाका आणि केली होती हे मला सांगू नका. नववा मजला मी पाहून आले. तिथून आपलं लॉन फार लहान दिसतं आणि त्यावर कोणीच नव्हतं.

ता.क. ३. आता खरं काम. मी मत बदललं हे तुमच्या बंधूंना कळता कामा नये. कळलं तर मी जाईपर्यंत ऐकावं लागेल. तेव्हा तुम्ही यांच्या नावे एक कडक पत्र लिहा, की मी सही करणार नाही म्हणजे नाही, जागा राहील आणि मैनाला माझ्यातर्फे ठणकावून सांग. मी दोन दिवस फुणफुणेन, तिसऱ्या दिवशी मोठ्या वन्संचा मान म्हणून ऐकेन. तुम्हाला त्रास नको म्हणून मसुदा सोबत जोडला आहे, फक्त तुमच्या अक्षरात उतरवून काढा. शुद्धलेखन तपासलेलं आहे, आणि या वेळी आकडेही. 'मैनाला पहिल्यापासूनच अक्कल कमी' हे वाक्य तुम्हाला जास्त वाटलं तरी गाळू नका. त्याशिवाय हे पत्र तुमचं आहे यावर यांचा विश्वास बसणार नाही.